खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर : बघावे कसे, जपावे कसे



गळीत हंगाम संपून बिले हाती आली की आपली पावले नरसोबाच्या वाडीकडे वळतात. तेथून कुरुंदवाडमार्गे पुढे गेले की कृष्णाकाठी खिद्रापूर लागते. पण पुष्कळ जण वाडीहूनच माघारी फिरतात. म्हणून या अंकात आम्ही तेथील कोपेश्वर मंदिराची ओळख करून देत आहोत.

मंदिर बाराव्या शतकातले, शिलाहार राजांच्या काळचे. पुढे यादव राजा सिंघण याने शके ११३६ मध्ये देवाला गाव दान दिले. तो देवनागरी शिलालेख आजही भिंतीवर आहे.

प्रथम लागतो स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधोमध छताला सुमारे १३ फूट व्यासाचा गोल झरोका. छत ढासळले असेल असे वाटते, पण कड बघा, कशी रेखीव आहे! बरोबर त्याखाली गोल शिळा आणि भोवती १२ खांबांचे कडे. वर मान करून पाहिले की मोरावरचा कार्तिकेय आणि वाहनांवर बसलेले दिक्पाल दिसतात.

गाभाऱ्यासमोर नंदी नाही. दक्षयज्ञाला सती नंदीवर बसून गेली, मागे शंकर कोपला आणि त्याला शांत करायला विष्णू धोपेश्वराच्या रूपाने आला, अशी कथा सांगतात. म्हणून आत दोन लिंगे आहेत. नंदी पाहायचा तर कर्नाटकातील यडूरला जावे लागते.

बाहेरून प्रदक्षिणा जरूर घाला. मंदिराचा सारा भार पाठीवर पेलून हत्तींची रांग उभी आहे. मात्र कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत.

इथेच आमचे सांगणे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुराने शिरोळ तालुक्याचे काय हाल केले, ते आपण जाणतोच. पाणी ओसरले की मदतीला धावणारे हात आपलेच असतात. पण कोरीव कामावरचा गाळ पहारीने किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नका. हे संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व खात्याच्या माणसांना विचारूनच हात लावा. एरवीही मूर्तींना तेल-शेंदूर फासू नये, खांबांवर नावे कोरू नयेत, आणि पोरांनाही तसे बजावावे.

पुरात ऊस कुजला तर जीव तुटतो, पण पुढल्या साली पुन्हा लागण करता येते. दगडातली तुटलेली सोंड काही पुन्हा फुटत नाही.