विश्लेषण : विहीर, दगड कापडावर कसे येतात? आणि नक्कल कुठे सुरू होते?

दगड, विहिरीतले पाणी, चिंध्यांची सतरंजी, लहान मुलांच्या मोटारी. फिनलंडच्या ‘मारीमेक्को’ कंपनीची अनेक गाजलेली डिझाइन्स अशा रोजच्या गोष्टींवर बेतलेली आहेत. या गोष्टी कुणाच्याच मालकीच्या नसतात. मग त्यांच्यावरून केलेले डिझाइन चोरीचे कधी ठरते?

वस्तूचे डिझाइन कसे होते?

१९५१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीला ओळख मिळवून दिली ती माइया इसोला (१९२७-२००१) यांनी. त्यांच्या १९५६ च्या ‘किवेत’चा अर्थ ‘दगड’. पण कापडावर दगडाच्या भेगा नाहीत, सावल्या नाहीत. आहेत ते फक्त मोठमोठे, किंचित वेडेवाकडे गोल. १९६४ चे ‘कायवो’ म्हणजे विहीर. त्यात ना काठ, ना पोहरा; नुसते एकात एक तरंग. नाव वाचल्यावर ओळख पटेल एवढेच ठेवायचे, बाकीचे गाळायचे आणि उरलेले मोठे करायचे. खरे कसब या गाळण्यात आहे.

‘रिपीट’ म्हणजे काय?

चित्र एकदाच काढले जाते, कापड मात्र शेकडो मीटर असते. म्हणून चित्राचा एक तुकडा पुन्हा पुन्हा छापतात. तोच ‘रिपीट’. त्याची वरची कडा खालच्या कडेशी बेमालूम जुळावी लागते, नाहीतर पडद्यावर ठरावीक अंतराने सांधा दिसतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. त्यामुळे मोजके, सपाट रंग सोयीचे ठरतात. (लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या आपल्या छिप्यांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.)

वाद कशावरून झाला?

२०१३ मध्ये याच कंपनीच्या, जंगल दाखवणाऱ्या ‘मेट्सॅनव्हॅकी’ या डिझाइनवर आक्षेप आला. माइया यांच्या कन्या क्रिस्टिना इसोला यांचे हे काम युक्रेनच्या लोकचित्रकार मारिया प्रिमाचेंको यांच्या १९६३ च्या चित्रावरून घेतल्याचे उघड झाले. क्रिस्टिना यांनी ते मान्य केले. तोवर हे डिझाइन ‘फिनएअर’च्या विमानावरही रंगवले गेले होते, ते काढावे लागले.

जंगल सर्वांचे, पण कोणते झाड घ्यायचे, कोणते सोडायचे, ही निवड प्रिमाचेंको यांची होती. उचलली गेली ती निवड.

आपल्याकडे काय?

वारली चित्रांचेही असेच आहे. तारपा नाच, भातशेती हा वारल्यांचा रोजचा परिसर. तो त्रिकोणांत बसवण्याची निवडही त्यांचीच. कुर्त्यावर त्याच आकृत्या छापणारा परिसरातून नव्हे, दुसऱ्याच्या चित्रातून घेत असतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे; पण ते प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. ‘वारली’ हे नाव न लावता त्याच आकृत्या छापल्या, तर केवळ जीआयच्या आधारे त्या रोखणे अवघड असते.