रिपोर्ट नॉर्मल, पण बाई आजारीच!

गेल्या काही वर्षांत आमच्या घरात एक वाक्य इतक्या वेळा बोलले गेले की आता ते ऐकले तरी आम्हांला राग येतो. ते वाक्य म्हणजे, 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे!' डॉक्टर बोलले, शेजारीपाजारी बोलले, सासर-माहेरची माणसे बोलली. आणि सांगायला लाज वाटते, पण सर्वांत जास्त वेळा आम्हीच बोललो.

आमच्या पत्नीला 2019 साली थायरॉईडचा आजार निघाला. अंग जड, केस मुठीने गळायचे, सगळे पंख्याखाली बसलेले असताना हिला थंडी वाजायची. तपासणीत टीएसएच वाढलेला निघाला, रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडेही सापडली. डॉक्टरांनी 'हाशिमोटो' हे नाव सांगितले आणि थायरॉक्सिनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. पुढे ती 75 ची झाली. काही महिन्यांनी टीएसएच 2.3 वर आला. सुटलो, असे आम्हांला वाटले.

पण तिचा थकवा काही सुटला नाही. 2022 च्या 14 एप्रिलला वस्तीत जयंतीची धावपळ चालू होती. दरवर्षी महिला मंडळाचे सगळे काम अंगावर घेणारी आमची पत्नी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. खाली बायका हाका मारत होत्या. आम्ही वर जाऊन म्हणालो, "गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगला आहे, आता चारचौघांत हे नाटक कशाला?" ती काही बोलली नाही. उठली, खाली आली, भाकऱ्या थापल्या. त्या दिवसापासून तिने आम्हांला काहीही दुखते-खुपते सांगणे बंद केले. आणि ती सांगत नाही म्हणजे बरी झाली, असा हिशेब आम्ही मांडला.

हा आजार आहे तरी काय?

1912 साली जपानमधील हाकारू हाशिमोटो या तरुण शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉईड ग्रंथी तपासून एका नव्या आजाराचे वर्णन जर्मन नियतकालिकात छापले. त्याचे कारण कळायला आणखी चार दशके गेली. 1956 साली लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे ज्या रोगप्रतिकारशक्तीने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, ती घरच्याच ग्रंथीवर उठते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी जास्त आढळतो. यात करणी नाही, कुणाची नजर नाही, आणि बाईचा आळस तर मुळीच नाही.

टीएसएच म्हणजे काय, हे आम्ही कारकुनी भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी हे मुख्य कार्यालय. थायरॉईडचे काम मंदावले की मुख्य कार्यालय स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे धाडते. ही स्मरणपत्रे म्हणजेच टीएसएच. गोळीने बाहेरून हार्मोनचा पुरवठा झाला की स्मरणपत्रे कमी होतात. म्हणून हा आकडा महत्त्वाचा आहे आणि त्यावरूनच डोस ठरतो. परंतु स्मरणपत्रे थांबली, याचा अर्थ मुख्य कार्यालयाचे समाधान झाले, एवढाच. शरीराच्या प्रत्येक खात्यात सर्व काही सुरळीत आहे, असा दाखला त्यातून मिळत नाही. शिवाय गोळी हार्मोनची उणीव भरून काढते, रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला थांबवत नाही.

तेरीज जुळली तरी चूक राहते

बी. कॉम. ला आम्हांला एक धडा शिकवला होता. तेरीजपत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही. एखादी नोंद कीर्दीतच राहून गेली तर तेरीज बिनचूक जुळते आणि हिशेब मात्र चुकलेला असतो. जन्मभर वह्या तपासणारे आम्ही, घरच्या माणसाच्या बाबतीत हा धडा विसरलो.

ही राहून गेलेली नोंद एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टर बाईंनी शोधली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी पत्नीला बोलू दिले. गोळी कशाबरोबर घेता? पाळी किती दिवस जाते? झोप कशी आहे? आम्ही शेजारी बसलो होतो, पण यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते! गोळी पहाटेच्या चहाबरोबर चालली होती आणि पाठोपाठ कॅल्शियमची गोळी. पाळीत आठ-आठ दिवस अंगावर जात होते. तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघाले, शरीरातील लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, आणि बी-12 ही कमी. थायरॉईडचा कागद ठीक होता. बाकीचे कागद कुणी मागितलेच नव्हते.

काय तपासावे?

युरोपातील थायरॉईडतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत मान्य केले आहे की टीएसएच नॉर्मल असूनही शंभरांतील सुमारे पाच ते दहा रुग्णांचा त्रास टिकून राहतो. तेव्हा अशा भगिनींनी स्वतःला वेडे ठरवू नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, गोळीची पद्धत. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. पित्ताच्या औषधांनीही शोषण कमी होऊ शकते, म्हणून ती चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. बाटली ओल, ऊन आणि चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करावी, कारण त्याआधी आकडा स्थिर होत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगावे. त्यामुळे रिपोर्टचे आकडे फसवे येऊ शकतात.

दुसरी, सोबतचे आजार. रक्तक्षय, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, पाळी जाण्याचा काळ, मनाची उदासी. हाशिमोटो असलेल्यांत रोगप्रतिकारशक्तीचे इतर आजारही अधिक आढळतात. उदाहरणार्थ, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक आजार. उदासीचे निदान झाले तर त्यात कमीपणा नाही, पण बाकी काही न तपासता 'मनाचे खेळ' म्हणणे हे निदान नव्हे.

तिसरी, घाई करू नये. डोस मनाने वाढवू नये. जास्त गोळीने छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होतात. काही रुग्णांना टी-4 सोबत टी-3 हार्मोन देऊन पाहतात. त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि तो निर्णय तज्ज्ञाचाच. नॉर्वेमध्ये 2019 साली 150 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे हार्मोन नॉर्मल होते, प्रतिपिंडे फार वाढलेली होती आणि त्रास चालूच होता. ज्यांची थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, त्यांचा थकवा बराच कमी झाला. पण शंभरांत सुमारे 14 जणांना शस्त्रक्रियेचे उपद्रव झाले. हा सर्वांसाठी उपाय नव्हे. मात्र त्रास खरा असतो, एवढे त्यातून दिसते.

आणि 'थायरॉईड मुळासकट बरा' अशा जाहिरातींना भुलून गोळी बंद करू नये. दिवस राहिल्यास तर ताबडतोब डॉक्टरांना भेटावे, कारण त्या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो.

घरच्यांचे काय?

लोहाचे उपचार झाले, पाळीवर इलाज झाला, गोळीची वेळ बदलली. चार-पाच महिन्यांनी पत्नी पुन्हा मंडळाच्या बैठकीला जाऊ लागली. ती पूर्ण बरी झाली असे आम्ही लिहिणार नाही. आजही काही दिवस असे येतात की दुपारनंतर तिच्याने उभे राहवत नाही. त्या दिवशी भाकऱ्या आम्ही थापतो. त्या वाकड्या होतात, पण खाल्ल्या जातात.

परवा आम्ही तिला विचारले, "आज कसे वाटते?" ती म्हणाली, "रिपोर्ट बघून विचारताय, की मला बघून?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या घरात गोळी चालू आहे आणि बाई मात्र गप्प झाली आहे, त्या घरातील बंधूंनी कागद घडी घालून ठेवावा आणि आज रात्री तिच्याजवळ बसून तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.