अर्ध्या व्होल्टाची शेकोटी

अमेरिकेत व कॅनडात पुष्कळ घरांत गॅसची शेकोटी असते. ती भिंतीवरच्या बटणाने किंवा रिमोटने पेटते. बटण दाबूनही जाळ आला नाही, की घरच्या विजेत बिघाड आहे असा समज होतो. वास्तविक, सतत तेवणारी लहान ज्योत असलेल्या शेकोटीत त्या बटणाचा घरच्या विजेशी संबंधच नसतो. त्या ज्योतीवर थर्मोपाइल तापते व जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट दाब निर्माण करते. सीबेकला १८२१ साली आढळलेला, आपण प्रयोगशाळेत मिलिव्होल्टमीटरवर पाहतो तोच हा परिणाम. हिमवादळात वीज गेली तरी शेकोटी पेटते ती याचमुळे. पण एवढ्याशा दाबाला बटणातला गंज, सैल जोड, लांबलचक बारीक तार हेसुद्धा भारी पडते.

म्हणून मी आधी लहान ज्योत पाहीन. ती ठीक असेल, तर गॅसच्या झडपेवरची, बटणाकडे जाणारी दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडीन. जाळ आला तर दोष बटणात वा तारेत; न आला तर थर्मोपाइल मीटरने तपासावे. रिमोटचे सेल बदलताना शेकोटीजवळच्या रिसीव्हरमधलेही बदलावेत. ते लोक हमखास विसरतात! या बटणाला घरची १२० व्होल्टची वीज मात्र कदापि जोडू नये, झडप जळते. आणि गॅसचा वास आला, तर कोणतेच बटण न दाबता आधी घराबाहेर पडावे.