साज सुधारल्यावाचून गाडा सुधारणार नाही

'आजार रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोणत्या प्रसंगावरून रचली असेल ते असो. परंतु जनावरांच्या गाड्यांची जी सुधारणा गेल्या शंभर वर्षांत आपल्या प्रांती झाली, तिला ही म्हण जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशासही क्वचितच पडेल. चाक सुधारले, कणा सुधारला, रस्ता सुधारला. परंतु गाडी आणि जनावर यांस जोडणारा जो दुवा, म्हणजे घोड्याचा साज आणि बैलाचे जू, तो होता तेथेच राहिला. दुखणे मानेचे व तोंडाचे. औषध मात्र आपण चाकास दिले.

मोटारींच्या या युगात लगाम आणि जू यांवर स्तंभ खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. टांग्याचे दिवस सरले हे आम्हीही जाणतो. पण आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जनावराच्या पाठीवर आणि मानेवर पोट भरणारी माणसे संपलेली नाहीत. लग्नसराईत वरातीचा घोडा आणि बग्गी लागते. पावसाळा सरताच धनगरांचे वाडे तट्टांवर बिऱ्हाड लादून निघतात. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि तेथून गेलेली जनावरे माती व विटा वाहतात. साखर कारखान्यांच्या गळिताच्या हंगामात टायरगाड्या अजूनही उसाखाली वाकलेल्या दिसतात. या सर्व जनावरांची शक्ती ज्यातून गाडीस मिळते तो साजच सदोष असेल, तर अर्धी शक्ती वाया आणि उरलेली वेदनेत जाते. हा प्रश्न भूतदयेचा आहेच. पण व्यापारी वर्गाने ध्यानात घ्यावे की तो तितकाच हिशेबाचाही आहे.

प्रथम शरीररचनेची गोष्ट पाहू. आपल्या बैलास वशिंड असते. त्याच्या पुढे मानेवर जू ठेवले तर ते मागे सरकत नाही, म्हणून आडव्या लाकडाचे साधे जू हजारो वर्षे चालले. घोड्यास वशिंड नाही. त्याने ओढावयाचे ते छातीने आणि खांद्याने. त्याच्या गळ्याभोवती पट्टा आवळला तर तो जितक्या जोराने ओढील तितका त्याचा श्वास कोंडेल. ही साधी गोष्ट जगास उमगण्यास फार काळ लागला. चीन देशात छातीपट्ट्याचा साज दोन हजार वर्षांपूर्वीच प्रचारात होता. युरोपात खांद्यावर टेकणारी गादीदार कॉलर इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली आणि त्यानंतरच तेथे नांगरास घोडा जुंपणे किफायतशीर ठरले. १९३१ साली लफेव्र दे नोएत या फ्रेंच घोडदळाच्या अधिकाऱ्याने जुन्या साजाच्या दोषांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याची काही अनुमाने पुढच्या संशोधकांनी खोडून काढली हे खरे. परंतु साजाचा इतिहास हा राष्ट्राच्या संपत्तीचा इतिहास आहे, हे त्याचे मुख्य म्हणणे विचार करण्याजोगे आहे.

आता आपला टांगा घ्या. हे दुचाकी वाहन असल्यामुळे त्याचा सारा भार चाकांवर पडत नाही. काही भाग दांड्यांतून घोड्याच्या पाठीवर येतो. उतारू पुढे अधिक बसले तर दांडे खाली दाबतात आणि पाठीवरील खोगीर मणक्यात रुतते. मागे अधिक बसले तर दांडे वर उचलले जातात आणि पोटाखालचा तंग जनावरास कापतो. म्हणून अनुभवी टांगेवाला उतारूंस पुढे-मागे सरकवून तोल साधीत असे. छातीपट्टा रुंद व मऊ हवा. जी ओढ चार बोटे रुंद पट्ट्यावर पडते तीच दोन बोटे पट्ट्यावर पडली की कातडीवरील दाब दुप्पट होतो; हे समजण्यास शास्त्राची पदवी लागत नाही. तो पट्टा फार वर बसला तर श्वासनळी दाबतो, फार खाली बसला तर पुढच्या पायांची हालचाल अडवितो. घामाने कडक झालेले चामडे, आतल्या बाजूस आलेली शिवण आणि गंजलेले बक्कल ही तिन्ही मिळून आठवड्याभरात जखम करतात, आणि जखमेवर पुन्हा तोच पट्टा बांधला की घोडा अडेल झाला अशी ओरड होते.

सर्वांत वाईट प्रकार लगामाचा. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तेथे लगामाचे लोखंड बसते. तेथील हिरडी पातळ असून तिच्या खाली लगेच हाड असते. गुळगुळीत, मध्ये सांधा असलेले लोखंड या ठिकाणी इशारा देण्यास पुरेसे आहे. पण आपल्याकडे वरातीच्या आणि टांग्याच्या घोड्यांस काटेरी लगाम घालण्याची चाल पडली आहे. घोडा ताब्यात राहावा म्हणून तो घालतात असे सांगण्यात येते. परिणाम नेमका उलट होतो. वेदनेने तोंड प्रथम बिथरते आणि नंतर बधिर होते. बधिर तोंडास पूर्वीचा इशारा कळेनासा होतो. मग हात अधिक जोराने ओढतो आणि लोहाराकडून अधिक तीक्ष्ण काटे मागविले जातात. वाजंत्री, फटाके आणि गर्दी यांत सोडलेल्या जनावराच्या तोंडात काटे ठेवणे म्हणजे त्यास शांत करणे नव्हे. ते भडकावणे होय.

आता बैलाच्या जुवाकडे वळू. ब्रिटिश अमदानीच्या पहिल्या काही दशकांत, पैमाशीच्या खात्यातील लेफ्टनंट गेस्फर्ड या अधिकाऱ्याने आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे हलक्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. तोवर दख्खनेत अवजड गाडे होते आणि बहुतेक माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. पुढे विसाव्या शतकात रबरी टायर आले. लोखंडी धावेच्या चाकापेक्षा टायरचे चाक पुष्कळ हलके चालते. म्हणजे तोच माल ओढण्यास बैलास कमी श्रम पडावयास हवे होते. प्रत्यक्षात घडले असे की, चाक हलके झाले हे पाहून मनुष्याने माल वाढविला. जू मात्र तेच राहिले : ओबडधोबड लाकूड, मानेस टेकणारी जागा चार बोटांची, दोन्ही बाजूंस शिवळा आणि सापत्या. सुधारणेचा नफा मालकाच्या पदरात पडला आणि तोटा बैलाच्या खांद्यावर.

कायदा नाही असे म्हणण्यास जागा नाही. परक्या सरकारने १८९० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. स्वराज्य आल्यावर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय नेटाने लावून धरला आणि १९६० साली आपल्या स्वतःच्या संसदेने नवा कायदा केला. त्याखालील १९६५ चे नियम आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. दुचाकी गाडीस एक घोडा असेल तर टायर असल्यास ७५० किलो आणि नसल्यास ५०० किलो. तट्टू असेल तर अनुक्रमे ६०० आणि ४०० किलो, याहून अधिक भार घालता येत नाही. दिवसात एकूण नऊ तासांहून आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. उष्णतामान ३७ अंशांच्या वर जाते अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन जनावर जुंपता येत नाही. काटे, गाठी वा बाहेर आलेली टोके असलेला लगाम, साज किंवा जू वापरता येत नाही. खोगिराची कमान आणि घोड्याचा वशाटा, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यावरचा उंचवटा, यांत पुरेशी मोकळी जागा ठेवण्याचीही आज्ञा त्यात आहे. इतके बारकाईने लिहिलेले नियम फार थोड्या विषयांत सापडतील.

मग ते निर्जीव का पडले? याची दोन कारणे आम्हांस दिसतात. पहिले, शिक्षा. मूळ कायद्यात पहिल्या अपराधास दंड आहे तो दहा ते पन्नास रुपयांचा. १९६० साली ही रक्कम झोंबत असेल. आज ती एका चहापाण्याची आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. उसाच्या गाडीचा मामला पाहा. गाडी पुष्कळ ठिकाणी कारखान्याची, बैल मजुराचे, तेही बहुधा मुकादमाकडून उचल घेऊन विकत आणलेले, ऊस शेतकऱ्याचा, आणि मजुरी टनावर. मजूर जितका अधिक माल भरील तितकी उचल लवकर फिटेल. अशा स्थितीत जू कोणाचे? कारखाना म्हणतो, आम्ही गाडी दिली; मजूर म्हणतो, मला चांगले जू घेण्याची ऐपत नाही; शेतकरी म्हणतो, माझा संबंध फडापुरता. जी वस्तू सर्वांच्या उपयोगाची आणि कोणाच्याही जबाबदारीची नाही, ती कधीच सुधारत नसते. अशा वेळी हवालदाराने रस्त्यात मजुरास अडवून दंड केला, तर कायद्याचे समाधान होईल. बैलाचे होणार नाही.

कोणी म्हणतील, बंदीच का घालीत नाही? मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. तेथे ते योग्यच झाले असेल, कारण ती चैन होती. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून दरसाल कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबाची बैलजोडी ही चैन नव्हे. ट्रॅक्टर येईल तेव्हा येईल. तोवर जे जनावर आज जुंपलेले आहे त्याची मान उद्याच्या ट्रॅक्टरने बरी होत नाही. कोणी असेही म्हणतील की ही आपली परंपरागत साधने आहेत, त्यांत हात घालू नये. आमचे उत्तर असे की, परंपरेचा अभिमान बाळगावयाचा तो तिच्यातील शहाणपणाचा, काट्यांचा नव्हे.

उपाय अवघड नाहीत. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी व जू यांच्या सुधारणेचा अनेक वर्षे ध्यास घेतला होता. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी 'सारथी' या नावाने बैलगाडीच्या पुढील भागास आधाराचे एक फिरते चाक जोडून दाखविले, जेणेकरून मानेवर येणारा उभा भार जमिनीवर जावा. आणि नगरास तर असल्या कामाचा जुना वारसा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे यंत्रज्ञ डी. सी. चर्चिल यांनी याच शहरात हातमाग सुधारण्याचे काम केले. ज्या गावात माग सुधारता आला, तेथे जू सुधारता येत नाही असे कोण म्हणेल?

सबब आमच्या सूचना अशा. एक, जिल्ह्यातील प्रत्येक साखर कारखान्याने गाडी देताना तिच्याबरोबर रुंद, गुळगुळीत व गादी लावलेले जू द्यावे. ते गाडीचाच भाग समजावे, आणि त्याची दुरुस्ती हंगामी कराराच्या कलमांत घालावी. गाडीच्या तळावर खांद्याची जखम तपासल्यावाचून बैल जुंपू देऊ नये. जखमी जनावर कामास लावणे हा कायद्याने अपराध आहेच. दोन, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी साध्या जुवाचा व गुळगुळीत लगामाचा नमुना ठरवून गावोगावच्या सुतार-लोहारांस शिकवावा, म्हणजे कसबी हातांस कामही मिळेल. तीन, काष्टी आणि मढी येथील बाजारांत जनावरांबरोबर साजही विकला जातो. तेथे बाजार समितीने व ग्रामपंचायतीने काटेरी लगाम विक्रीस ठेवू देऊ नये. चार, आणि ही विनंती खास आमच्या व्यापारी वाचकांस आहे : घरच्या लग्नात घोडा ठरविताना त्याचे तोंड उघडून पाहावे, आणि काटे दिसले तर बयाणा देऊ नये. दंडाच्या पन्नास रुपयांनी जे होणार नाही ते गेलेल्या गिऱ्हाइकाने होईल.

१९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये लिहिली गेली, त्यांत प्राणिमात्राविषयी दया बाळगणे हेही एक आहे. पण आपल्या शेतकऱ्यास हे कर्तव्य घटनेने शिकविले असे नाही. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी घरोघर बैलाच्या खांद्यास तूप-हळद लावून खांदेमळणी होते. ज्या लोकांनी वर्षातून एक सायंकाळ खास त्या खांद्यासाठी राखून ठेवली, त्यांस तो खांदा दुखतो हे ठाऊक होते, यात शंका नाही. उणीव ज्ञानाची नाही. उणीव इतकीच की हळद आपण एक दिवस लावतो आणि जू उरलेले सर्व दिवस. येत्या पोळ्यास बैलाच्या शिंगांस हिंगूळ आणि अंगास झूल घालण्यापूर्वी ज्याने त्याने आपले जू एकदा हात फिरवून पाहावे. जेथे आपल्या तळहातास ते टोचेल, तेथे वर्षभर एक मुकी मान टोचून घेत आली आहे, एवढे समजले तरी आमचे आजचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.