गोड सोनें आणि राहुरीची विद्या

जेथें सोनें सांपडतें तेथें माणसांची रीघ लागते, आणि सोनें सरलें कीं ती ओसरते, असा जगाचा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियांतील बॅलरॅट येथें १८५१ सालीं सोनें सांपडलें व थोडक्याच वर्षांत माळाचें नगर झालें. परंतु १८७० सालीं त्या नगरानें खाणकामाची शाळा काढली. सोन्याचा ओघ पुढें आटला. विद्या मात्र टिकली, आणि त्या परंपरेंतून आजचें फेडरेशन विद्यापीठ उभें राहिलें.

आमच्या अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांत सोन्याची खाण नाहीं. तथापि येथेंही एकदां अशीच रीघ लागली होती. तें सोनें उंसाचें. हा मुलूख पर्जन्यछायेंतला, दुष्काळाशीं जन्माची ओळख असलेला. गोदावरीचे कालवे झाले, १९२६ सालीं प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि जेथें बाजरी आभाळाकडे डोळे लावून उभी असे तेथें पाटाचें पाणी खेळूं लागलें. सासवडकडील माळी बागाइतदार बिऱ्हाडें पाठीवर घेऊन आले. हरिगांवीं बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. १९३२ सालीं साखरेस जकातीचें संरक्षण मिळतांच आणखी कारखाने उठले. साकरवाडी, लक्ष्मीवाडी, टिळकनगर हीं नांवेंच त्या काळाची साक्ष देतात. १८७८ च्या दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानकाभोंवतीं जी पेठ वसली, तीच आजचें श्रीरामपूर.

या सोन्याचे धनी कोण, हा प्रश्न मात्र राहिला. पुष्कळ शेतकऱ्यांनीं जमिनी कंपन्यांस खंडानें दिल्या होत्या. पुढें कमाल जमीनधारणेच्या कायद्यानें त्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या पिढ्या आपलेंच रान परत मागण्यांत खर्चीं पडल्या. ह्याचें उत्तर लोणीस मिळालें. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला, आणि ऊंस पिकविणाराच कारखान्याचा भागीदार बनला.

परंतु संपत्तीबरोबर तिचा दोषही आला. पाणी अमाप दिलें कीं पीक अमाप येतें, अशी समजूत पडली. काळ्या जमिनींतून निचरा होईना. क्षार वर आले आणि कित्येक सोन्यासारखीं रानें चोपण झालीं. खाणींतलें सोनें उपसून संपतें. आमचें सोनें पाण्यांत बुडून संपूं लागलें.

येथें विद्येचा अधिकार सुरू होतो. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत बांधबंधाऱ्यांनीं माती व पाणी राखण्याचा आणि शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीचें शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. १९६८ सालीं स्थापन झालेलें राहुरीचें कृषि विद्यापीठ त्यांचेंच नांव धारण करतें. प्रारंभीं साऱ्या महाराष्ट्राचें असलेलें हें पीठ, अकोला, परभणी व दापोली येथें निराळीं विद्यापीठें झाल्यावर, पश्चिम महाराष्ट्राचें झालें. पाडेगांवचें १९३२ चें ऊंस संशोधन केंद्रही त्याच्याच छत्राखालीं आहे. को ७४० व को ८६०३२ ह्या ज्या जातींनीं शेतकऱ्यांचीं घरें भरलीं, त्या ह्याच केंद्रामार्फत त्यांच्या हातीं आल्या.

तथापि नवें बेणें घेण्यास जी घाई होते, ती माती तपासून घेण्यास होत नाहीं. विद्यापीठ ठिबक सिंचन सांगतें, निचऱ्याचे चर सांगतें, उंसाच्या फेरपालटींत द्विदल पीक वा हिरवळीचें खत घ्यावें असें सांगतें. हे उपदेश धान्यागाराच्या किल्लीसारखे आहेत. किल्ली खुंटीस टांगून ठेवल्यास कोठार उघडत नाहीं. आडसाली ऊंस सुमारें अठरा महिने रानांत उभा राहतो; तेवढा काळ चुकीचें पाणी पाजल्याचें फळ पुढच्या पिढीस भोगावें लागतें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अद्याप गांवची जमीन समाईक आहे, त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. पुढील लागणीपूर्वीं आपल्या रानची माती तपासून घ्यावी, आणि घरांतील जीं मुलेंमुली शिकत आहेत त्यांपैकीं एकास तरी ह्या विद्येकडे वळवावें. वडिलांनीं कमाविलेलें सोनें वांटणीनें घटतें. जमिनीचा कस राखण्याची विद्या वांटावी तितकी वाढते.