तासाचा भाव

सेसना 172 च्या जुन्या पॅनेलवर हॉब्ज नावाचा एक छोटा मीटर असतो. इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब चढला की तो चालू होतो आणि इंजिन बंद होईपर्यंत दर सहा मिनिटांनी एक दशांश पुढे सरकतो. विमान हवेत आहे की धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अमेरिकेतली बहुतेक फ्लाइंग स्कूल्स बिल फाडतात ती याच आकड्यावर. टॅकोमीटरमध्ये दुसरा आकडा असतो. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, जमिनीवर रेंगाळतो आणि हवेत वेग घेतो. देखभालीचा हिशोब सहसा त्यावर ठेवतात. शाळेची कमाई एका मीटरवर आणि खर्च दुसऱ्यावर, असा हा सरळ व्यवहार आहे.

कमर्शियल पायलट व्हायला परदेशी निघालेली मुलं नेमकं काय विकत घेतात, याचं उत्तर या मीटरवर आहे. ती तास विकत घेतात. भारताच्या विमान वाहतूक नियामकाला, म्हणजे डीजीसीएला, लायसनसाठी 200 तास लागतात. त्यातले 100 स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचे प्रमुख वैमानिक म्हणून, 20 तास क्रॉस-कंट्री, त्यातही 300 नॉटिकल मैलांची एक लांब फेरी, 10 तास फक्त उपकरणांवर आणि 5 तास रात्रीचे. हे सगळं महाराष्ट्रातही होऊ शकतं. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 पासून आहे, आणि जेआरडी टाटांना 1929 मध्ये देशातलं पहिलं वैमानिक लायसन मिळालं ते याच मुंबईत. आज बारामतीला, धुळ्याला, गोंदियाजवळ बिरसीला विमानं उडतात. पण पावसाळ्याचे महिने, विमानांची चणचण, एकाच धावपट्टीवर सगळ्यांची गर्दी, यात दोनशे तासांना दोन-तीन वर्षंही जातात. डीजीसीएने 2025 मध्ये देशातल्या फ्लाइंग स्कूल्सची श्रेणीवार यादी काढली, तेव्हा सर्वांत वरच्या श्रेणीत एकही नाव नव्हतं. मग दादरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या हॉटेलात सेमिनार होतो, मोठ्या एअरबसचा फोटो असलेलं ब्रोशर हातात पडतं आणि सांगलीतल्या घरात शेतीच्या कागदांवर कर्ज काढायची बोलणी सुरू होतात. ब्रोशरवरची ती एअरबस बहुतेक शाळांच्या हँगरमध्ये कधी शिरलेली नसते. तिथे उभ्या असतात सेसना, पायपर, डायमंड.

त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 1956 पासून बनणाऱ्या सेसना 172 ची आजवर 44,000 हून अधिक विमानं बाहेर पडली. जगात इतकं दुसरं कोणतंच विमान बनलं नाही. पंख वर असल्याने खालची जमीन नीट दिसते आणि चुका ती पोटात घालते. सकाळी विद्यार्थी छोटी पारदर्शक बाटली घेऊन पंखांखाली वाकतो, इंधनाचा निचरा करायच्या प्रत्येक जागेतून थोडं थोडं पेट्रोल काढतो आणि बाटली उजेडात धरून बघतो. रंग फिकट निळा हवा, तळाशी पाण्याचा थेंब नको. 172 च्या नव्या मॉडेलमध्ये अशा तेरा जागा आहेत. मग इंजिनाचं झाकण उघडून ऑइलची पट्टी ओढायची, हवेतला वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवरचं कापडी आवरण काढायचं, पंखाची, शेपटीची हलणारी फळी हाताने वरखाली करून बघायची. हे वीस मिनिटांचं काम. शाळा कशी आहे हे इथेच कळायला लागतं. ज्या शाळेत इन्स्ट्रक्टर घड्याळाकडे बघत ‘चल, झालं’ म्हणतो, तिथे तास भरतात, पण वैमानिक घडत नाही.

विमानं किती आहेत, हा प्रश्न सगळे विचारतात. आज त्यातली किती उडताहेत, हे विचारणारे थोडे. अमेरिकेत भाड्याने दिलेल्या किंवा शिकवणीला लावलेल्या विमानाची दर 100 तासांनी सक्तीची तपासणी असते, आणि दोन हजार तासांच्या आसपास इंजिन पूर्ण उघडायची वेळ येते. शाळेचा स्वतःचा मेकॅनिक असेल तर तपासणी दोन-तीन दिवसांत उरकते. नसेल तर विमान आठवडाभर दुसऱ्याच्या हँगरमध्ये आणि विद्यार्थी खोलीवर. घरचे फोन करतात, “काय रे, आज उडवलंस का?” पलीकडून उत्तर येतं, “नाही बाबा, विमान मेंटेनन्सला गेलंय.” असं दोन महिने चाललं की खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च मिळून कोटेशनमधली सूट खाऊन टाकतात. एका विमानामागे चार-पाच विद्यार्थी असतील तर काम चालतं, दहा असतील तर बाक झिजवावे लागतात.

गंमत म्हणजे हे सगळं घरी बसून तपासता येतं. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून गजबजलेल्या हवाई क्षेत्रात उडणाऱ्या प्रत्येक विमानाने आपली जागा आणि उंची प्रसारित करणं बंधनकारक आहे. त्यामुळे ट्रॅकिंगच्या मोफत संकेतस्थळांवर शाळेच्या विमानाच्या शेपटीवरचा नोंदणी क्रमांक टाकला की ते गेल्या आठवड्यात कितीदा उडालं ते दिसतं. तोच क्रमांक अमेरिकेच्या विमान नियामकाच्या, एफएएच्या नोंदवहीत टाकला की मालक कोण, विमान कोणत्या सालचं, हेही कळतं. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीच्या अपघातनोंदी सर्वांना खुल्या आहेत. ब्रोशरमध्ये तीस विमानं आणि महिनाभर हवेत दिसतात नऊ, तर एजंटशी पुढचं बोलणं सोपं होतं. हा अर्धा दिवस खर्च न करता पन्नास लाखांचा निर्णय घेणारी कुटुंबं बघितली की मला खरंच नवल वाटतं. टीव्ही घेतानासुद्धा आपण चार दुकानं पालथी घालतो.

इन्स्ट्रक्टरची गोष्ट जरा खोलात जाऊन सांगायला हवी, कारण अमेरिकेतल्या शाळांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोल्गन एअरचं 3407 क्रमांकाचं विमान एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, अशी पन्नास माणसं गेली. विमानाचा वेग पडत गेला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा आला आणि कॅप्टनने नाक खाली दाबायच्या ऐवजी दांडी मागे ओढली. अपघातानंतर बळींच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, कायदा झाला आणि 2013 पासून प्रवासी विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसायला सर्वसाधारणपणे 1,500 तास लागू लागले. आता यातली खोच बघा: त्या विमानातल्या दोघा वैमानिकांच्याही नावावर दीड हजारांहून जास्त तास होते. तासांची कमतरता नव्हती, त्या तासांत काय शिकलं गेलं हा प्रश्न होता. तरी कायद्याने आकडा वाढवला, कारण आकडा मोजता येतो.

त्याचा परिणाम थेट आपल्या मुलांवर होतो. अडीचशे-तीनशे तासांवर लायसन मिळालेल्या अमेरिकन तरुणाला पुढचे हजारभर तास कमवायला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इन्स्ट्रक्टर होणं. म्हणून शिकवणारा बऱ्याचदा शिकणाऱ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असतो आणि त्याचा एक डोळा स्वतःच्या लॉगबुकावर असतो. त्यात वाईट काही नाही. ताज्या ताज्या शिकलेल्याला नवशिक्याची अडचण पटकन कळते. पण पंधराशे भरले की तो जातो. विद्यार्थी अर्धवट राहतो, नवा इन्स्ट्रक्टर येतो आणि ‘तू लँडिंग कसं करतोस ते आधी बघू’ म्हणून जुनेच धडे पुन्हा. ते तासही बिलात. म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न असा: गेल्या वर्षात किती इन्स्ट्रक्टर सोडून गेले, आणि माझा गेला तर मला कोण घेईल? परीक्षेचीही गत तीच. चेकराइड घेणारे परीक्षक थोडे, त्यांच्या तारखेसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं.

हवामानाबद्दल माझं मत जरा उलटं आहे. ॲरिझोनात वर्षभर निळं आकाश असतं म्हणून फिनिक्सभोवती शाळांची दाटी आहे, आणि तिथल्या डीअर व्हॅलीसारख्या विमानतळावर टेकऑफच्या रांगेत हॉब्ज मीटर निवांत पैसे मोजत असतो. उन्हाळ्यात हवा इतकी तापते आणि विरळ होते की छोटं इंजिन धापा टाकतं. फ्लोरिडात दुपारी मेघगर्जना आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, म्हणजे उड्डाणं रद्द होतात. पण ढग वाचायला तिथेच शिकतात. ज्याला जुलैत मुंबईत उतरायचं आहे त्याने निदान काही महिने ढगांशी दोन हात केलेले बरे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गभोवतीचे विमानतळ समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या आसपास, न्यूझीलंडमध्ये डोंगर आणि वारा. प्रत्येक ठिकाणचा तास वेगळा शिकवतो.

कागदांत मात्र चूक परवडत नाही. अमेरिकेत शाळा दोन नियमांखाली चालतात, पार्ट 61 आणि पार्ट 141. 141 मध्ये कमर्शियल लायसन 190 तासांतही होतं. भारताला 200 हवेत. राहिलेले दहा कोण उडवणार आणि कोणत्या दराने, हे आधी ठरवून घ्यायचं. त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. प्रायव्हेट लायसन मिळालं की अमेरिकेचे नियम शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही काही तास पायलट-इन-कमांड म्हणून लिहू देतात. भारतात ते शिकवणीचे तास धरले जातात. लॉगबुकात 130 दिसणारे कमांडचे तास मुंबईत परतल्यावर 85 होतात आणि मुलगा पुन्हा बारामतीला विमान भाड्याने घेतो. शिवाय तिथले तास दशांशात लिहिलेले, 1.3 म्हणजे एक तास अठरा मिनिटं, आणि इथे तास-मिनिटांत उतरवायचे. 2011 मध्ये गोव्यात एका विमानाचं पुढचं चाक आधी टेकल्यावर चौकशी झाली, वैमानिकाच्या बनावट गुणपत्रिका सापडल्या. त्याच वर्षी राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये न उडवलेले तास नोंदवल्याचं उघड झालं. तेव्हापासून लॉगबुकाची छाननी डोळ्यांत तेल घालून होते.

व्हिसाचीही गाठ आहे. फ्लाइंग स्कूलला जाणाऱ्या बहुतेकांना एम-1 व्हिसा मिळतो. शिकत असताना नोकरी करता येत नाही, आणि सहा महिने उलटले की अपवाद सोडता शाळा बदलता येत नाही. शाळा फसवी निघाली तर ते कळायला साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणून सगळी फी एकदम भरू नये. नेवाडातली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही शाळा फेब्रुवारी 2008 मध्ये अचानक बंद पडली, तेव्हा अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी वाऱ्यावर सुटले. अनेकांनी पूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे कर्ज काढून आगाऊ दिले होते. चांगली शाळा थोडी रक्कम खात्यात ठेवून घेते, उडाल तशी वजा करते आणि शिल्लक परत मागितली तर कुरकुर न करता देते. परताव्याची अट लेखी द्यायला जी शाळा टाळाटाळ करते, तिची विमानं कितीही चकचकीत असली तरी पुढे जायचं.

आणि हे सगळं मेडिकलनंतर. क्लास वन मेडिकल झाल्याशिवाय, निदान डीजीसीएचे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे पेपर 70 टक्क्यांनी सुटल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये. रंगांधळेपणा फिनिक्सला जाऊन कळला, तर ती फी कोणी परत देत नाही. पेपर इथेच सुटले असतील तर तिकडे डोकं फक्त उडण्यात राहतं, आणि परतल्यावर परदेशी लायसनचं भारतीय लायसनमध्ये रूपांतर करताना निम्मी धावपळ वाचते. त्या रूपांतरालाही महिने जातात. ते होईपर्यंत हात बसलेला राहावा, शेवटच्या सहा महिन्यांत ठरावीक तास उडवलेले असावेत ही अट मोडू नये, म्हणून अधूनमधून उडावं लागतं. मग एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, ते पुन्हा लाखांत. हा खर्च शाळेच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो, एजंट सेमिनारमध्ये सांगत नाही, आणि बँकेकडे कर्ज मागताना तोही धरूनच मागावा लागतो.