माशाचा पत्ता

चौतीस वर्षं मी टपाल वाटलं. आधी शहापूर तालुक्यात डोळखांब-किन्हवलीकडे, पुढे मुरबाडच्या टोकावडे भागात. सायकल, खाकी पिशवी आणि घंटी. घंटी वाजली की दारं उघडायची. निवृत्तीनंतर पुन्हा हातात गळ घेतला आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की इथे घंटी वाजली की दारं बंद होतात.

डिसेंबर होता. काळू नदीचा एक डोह, पाणी असं नितळ की तळाचे काळे धोंडे मोजून घ्यावेत. एका धोंड्याच्या सावलीत हातभर लांबीची मरळ स्वस्थ पडलेली. मी वरच्या कातळावर ताठ उभा राहिलो, नेम धरला, गळ टाकला. मरळ नाहीशी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पलीकडच्या काठाला वाडीतला एक म्हातारा पाग झटकत बसला होता. तीन दिवस त्यानं माझा तमाशा बघितला असावा. म्हणाला, "पोस्टमन, तू मासा बघाया उभा ऱ्हातोस. मासा पन तुलाच बघतो ना. बस की खाली."

नितळ पाण्यातल्या मासेमारीबद्दल त्यानंतर मी जे जे शिकलो, ते सगळं या बोलण्याचाच विस्तार आहे.

माझा एक पुतण्या अमेरिकेत लास वेगासला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो लेक मीड नावाच्या जलाशयावर जातो. कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधलं, त्याचं हे पाणी. १९३५ साली धरणाचं लोकार्पण झालं. चहूकडे मोहावीचं वाळवंट, उघडे डोंगर, झाड औषधालाही नाही. नदी आणते तो गाळ वरच्या तोंडालाच बसतो, त्यामुळे धरणाजवळचं पाणी स्वच्छ. त्यात बास नावाचा शिकारी मासा आहे. हिरवट अंग, थोराड जबडा, आडोशाला दबा धरून बसायची सवय. तिथेही तो मूळचा नाही, माणसानं आणून सोडलेला. पुतण्या व्हिडिओ कॉलवर त्याच्या युक्त्या सांगायला लागला, तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमच्या मरळीची बहीण! कुळ वेगळं, पण वागणूक तीच.

आणि पाणीही फार वेगळं नाही. आमचं भातसा धरण घ्या. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर मावतं, त्यातलं ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचं, म्हणजे निम्मं. जुलै ते सप्टेंबर ते लाल-तपकिरी असतं. गणपती गेले, पाऊस थांबला की गाळ खाली बसायला लागतो. दिवाळीनंतर काठावरून आत तीन-चार हात सहज दिसतं. मग होळी झाली की पाणी मागे सरकतं आणि जलाशयाभोवती उघड्या मातीचा पट्टा पडतो. लेक मीडला असाच पट्टा आहे, फक्त तिथल्या खडकांवर क्षारांचा थर बसून तो पांढराशुभ्र झालाय. आमच्याकडे तो पट्टा रुंद होत जातो, तेव्हा शहापूरच्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. हे लिहिल्याशिवाय मला भातसाबद्दल पुढे काही लिहिता येत नाही.

तर हा उन्हाळा माशाचा पत्ता शोधायचा. मासे धरण्याआधी धरण वाचावं लागतं, आणि ते वाचायचं पाणी उतरलेलं असताना. बुडालेल्या शेतांचे बांध वर येतात, झाडांचे खुंट दिसतात, जुन्या गाडीवाटा, ओढ्यांचे खोलगट मार्ग, पाण्यात घुसलेली टेकडीची नाकं. मी वहीत नकाशा काढतो. खुणेला काठावरचं आंब्याचं झाड किंवा समोरचा माहुलीचा सुळका धरतो. दिवाळीनंतर या सगळ्यावर पाणी असतं, पण मला ठाऊक असतं की त्या आंब्यापासून वीस पावलं आत बांध आहे, आणि बांधापलीकडे एकदम खोल आहे. शिकारी माशाला असाच उंबरठा लागतो. उथळात छोटे मासे चरतात, खोलात लपायची सोय असते, आणि तो मधल्या कडेला सावली धरून बसतो. लेक मीडवरचे गळकरी बासला असाच शोधतात. पाणी जितकं स्वच्छ, तितका बास खोल जातो, असंही पुतण्या सांगतो. मरळ मात्र खोलात फार काळ राहू शकत नाही. तिला हवा लागते.

हे मरळीचं मोठं गुपित आहे. कल्ल्यांशिवाय डोक्यात हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असल्यामुळे तिला दर थोड्या वेळानं पाण्यावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणूनच बाजारात ती पाण्याबाहेरही तासन्‌तास जिवंत दिसते. आपल्याला एवढंच करायचं, की काठाला गप्प बसून त्या घोटाची वाट बघायची. एक गुळूप आवाज, एक वर्तुळ, दोन बुडबुडे. मरळीनं स्वतःच पत्ता दिला.

आता म्हाताऱ्याच्या 'बस की खाली'चं शास्त्र. माशाला पाण्यातून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांची असते. मासा मीटरभर खोल असेल, तर त्याच्या डोक्यावरची खिडकी सव्वादोन मीटर रुंद. त्या एवढ्याशा गोलात काठावरची झाडं, आभाळ आणि आपण, सगळं दाटीवाटीनं मावतं. पण जे पाण्याच्या पातळीला अगदी टेकून असतं, ते खिडकीच्या कडेला चेपलं जाऊन जवळपास दिसेनासं होतं. गळकरी यासाठी पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांचा हिशेब धरतात, त्याखालचं माशाला दिसत नाही असं मानतात. पाण्याच्या काठाशी उभा असलेला पाच फूट आठ इंचांचा माणूस माशापासून दहा मीटरवर असेल तर जेमतेम लपतो. तोच माणूस मीटरभर उंच कातळावर चढला, की त्याला माशापासून साडेपंधरा मीटरवर जावं लागतं. आणि तो खाली काठाशी उकिडवा बसला तर पाच मीटरवरही चालतं. मी मरळीपासून सहा-सात मीटरवर, कातळावर, पांढऱ्या सदऱ्यात उभा होतो. तिच्या दृष्टीनं मी जत्रेतला पाळणाच.

शिवाय माशाच्या अंगावर, दोन्ही कुशींना, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्याची थरथर कळते. दगडावर बूट आपटला, होडीत डबा पडला, की निरोप पोचला. मी पाठीशी ऊनही घेत नाही, कारण सावली पाण्यावर पडते. मातकट सदरा घालतो. आणि वारा सुटला की खूश होतो. नवख्याला गुळगुळीत पाणी आवडतं, पण लाटा उठल्या की माशाची खिडकी थरथरते आणि आपल्याला दोन पावलं जवळ जाता येतं.

दोरीचंही तसंच. आम्ही तिला तंगूस म्हणतो. साधा नायलॉनचा तंगूस पाण्यात चमकतो. फ्लोरोकार्बन नावाची दोरी मिळते, ती प्रकाशाला जवळजवळ पाण्याइतकीच वाकवते, म्हणून कमी दिसते. मी सगळी दोरी तिची भरत नाही, महाग पडते. टोकाला दोन हात बांधतो.

मग आमिष. लहानपणी आम्ही गांडूळ लावायचो आणि खवली, वाम, चिलापी धरायचो. मरळीसाठी काही जण जिवंत बेडूक गळाला टोचत. ते मला तेव्हाही बघवत नसे. आता पोकळ रबरी बेडूक मिळतो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वरच्या अंगाला असतात, त्यामुळे तो शेवाळावरून, पानवेलीवरून न अडकता सरकतो. मरळीनं जबडा मिटला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. इथे घाई नडते. पाणी फुटलं की हात आपोआप झटका देतो आणि बेडूक तिच्या तोंडातून निसटून आपल्या कपाळावर येतो. मनात एक, दोन म्हणायचं, दोरीला वजन लागू द्यायचं, मगच ओढायचं. आणि बेडूक तिच्या डोक्यावर कधी टाकायचा नाही. वर्तुळाच्या चार हात पुढे टाकायचा आणि तिच्या वाटेवर आणायचा.

वाळवंटातल्या पाण्यात बाससाठी पुतण्या वापरतो ते आणखी बारीक काम आहे. दोरीच्या टोकाला शिसं, त्याच्या वीतभर वर छोटा गळ आणि गळाला बोटभर रबरी किडा. शिसं तळाला टेकतं, किडा पाण्यात अधांतरी राहतो. तो ओढायचा नाही, दोरी नुसती थरथरवायची. याला ड्रॉप शॉट म्हणतात. गढूळ पाण्यात भडक रंग आणि खुळखुळ आवाज चालतो, कारण मासा कानानं शोधतो. नितळ पाण्यात त्याला बघायला वेळ असतो, म्हणून आमिष लहान, फिकट, तिथल्या मासोळीच्या रंगाचं. लाल रंगाचा मोह सोडावा. खोल पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी विझतो आणि महागडं लाल आमिष काळपट दिसतं.

खोटा मासा खरा कशानं वाटतो, हे फिनलंडच्या लाऊरी रापालानं ओळखलं. गरीब मच्छीमार होता. वल्हवताना त्याच्या ध्यानात आलं, की मोठे मासे थव्यातली धडधाकट मासोळी सोडून जरा लंगडत, एका अंगावर कलत पोहणारीवर झडप घालतात. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडातून मासोळी कोरली, चॉकलेटची चांदी गुंडाळून तिला चकाकी दिली आणि ती लंगडेपर्यंत तासत राहिला. आज तिच्या नातवंडांनी जगभरच्या दुकानांच्या फळ्या भरल्यात. रंगापेक्षा चाल महत्त्वाची. मीही माझी प्लास्टिकची मासोळी थोडी ओढतो, थांबवतो, पुन्हा थोडी ओढतो. घास बहुतेक वेळा थांबवलेली असतानाच लागतो.

हे वाचून कुणाला वाटेल, बासच आणून भातसात सोडावा. कृपा करून नको. जपाननं १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला, आणि तो देशभर पसरून देशी मासे खाऊ लागल्यावर पुढे त्याच्यावर कायद्यानं बंदी आणावी लागली. आपल्याकडे १९५२ साली तिलापिया आला, तीच आमची चिलापी. आता कुठल्याही तळ्यात गळ टाका, पहिली तीच येते. गंमत अशी, की अमेरिकेत मरळीच्या जातभाईंची अशीच धास्ती आहे. २००२ साली मेरीलँडमधल्या एका तळ्यात चीनकडची मरळ सापडली, तेव्हा सरकारनं ते तळंच औषध टाकून मोकळं केलं. ज्याचा मुलूख त्याला शोभतो.

आणि पाणी कुणाचं, हे विचारून जावं. तानसा अभयारण्यात गळ घेऊन शिरायचं नाही. धरणांतली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते आणि वाड्यांतल्या अनेकांची चूल त्यावर पेटते. आधी परवानगी, मग गळ. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. उन्हाळ्यातल्या त्या उघड्या पट्ट्यापासूनही जपावं. वरून वाळलेला दिसतो, खाली मांडीभर चिखल असतो.

गेल्या पावसाळ्यात एका गावतळ्यावर मला हवं ते सगळं जुळून आलं होतं. वारा, आभाळ, आणि पंचवीस हातांवर पाण्यात लालसर ढगासारखं काहीतरी. मरळीची पिल्लं. खाली आई-बाप राखणीला होते. अशा वेळी बेडूक टाकला तर मरळ भुकेनं नाही, रागानं येते आणि हमखास लागते. पण आई-बाप गेले की इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. मी दोरी गुंडाळली आणि उकिडवा बसूनच बघत राहिलो. ढग पसरायचा, गोळा व्हायचा, मध्येच एक काळं डोकं वर येऊन घोट घेऊन जायचं.

घरी गेल्यावर बायकोनं रिकामी पिशवी बघितली. म्हणाली, "आज कुणाचंच टपाल नव्हतं वाटतं?"

म्हटलं, "होतं. पण घरात लहान पोरं होती. दार नाही वाजवलं."